दुधाची अर्धी बाटली

“पुन्हा त्याच्या कपाळाला हात लावलास?”

एल्स्पानं चटकन हात मागे घेतला. घराच्या आडोशाला, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या बाबागाडीत साडेपाच महिन्यांचा रोई झोपला होता. धुकं असं दाट, की चार हातांवरचं कुंपण दिसत नव्हतं. जुलै असूनही हवेत चांगलाच गारठा होता... आणि त्या गारठ्यात त्या एवढ्याशा कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब डवरले होते.

दारात सुन्वा उभी होती. रोईची आई, एल्स्पाच्या धाकट्या भावाची बायको.

“घाम आलाय गं त्याला,” एल्स्पा हळूच म्हणाली.

“येणारच. तू विणलेली बंडी, तू विणलेलं टोपडं, खाली मेंढीचं कातडं. उद्या अख्खी मेंढीच झोपव त्याच्या शेजारी.” सुन्वानं पुढे होऊन टोपडं काढलं, पांघरूण पायांपर्यंत खाली ओढलं. “लोकर जास्त झाली की पोरं घामेजतात. एवढं साधं आहे. बाकी काही नाही. कळलं ना? बाकी काही नाही.”

डेन्मार्कपासून दूर, भर समुद्रातल्या आमच्या या बेटांवर तान्ही पोरं दिवसा उघड्यावरच झोपतात, आणि घामेजलेलं मूल दिसलं की सगळ्या बायका एकच सांगतात, लोकर कमी कर. सुन्वाचं त्यात काही वावगं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या बाबतीत तिचंच खरं ठरलं असतं. पण मघाशी एल्स्पाच्या बोटांना रोईचा तळहातही लागला होता, आणि तो थंडगार होता. लोकरीनं घाम फुटला असता तर हात ऊबदार नसता का लागला? शिवाय दूध पिऊन त्याला जेमतेम दहा मिनिटं झाली होती...

हे सगळं एल्स्पाच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथूनच तिनं ते मागे गिळलं. बोलायची तिला बंदी होती.

ती बंदी कशी आली ते सांगायलाच हवं. रोईच्या हृदयाला रक्त पुरवणारी डावी रक्तवाहिनी जन्मतःच भलत्या ठिकाणी जोडलेली होती. शुद्ध रक्ताच्या मोठ्या नळीतून फुटायची, ती फुफ्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या नळीतून फुटली होती; त्यामुळे बिचाऱ्याचं हृदय अर्धपोटीच धडधडत होतं. सात आठवड्यांचा असताना कोपनहेगनच्या डॉक्टरांनी त्याची छाती उघडली, लोकरीच्या बारीक धाग्याएवढी ती वाहिनी सोडवली आणि योग्य जागी शिवून बसवली. पोर वाचलं. पण घरी पाठवताना त्यांनी बजावलं होतं, की जिथे टाके घातलेत तिथे पुढे कधी व्रण धरून वाट आखडू शकते, तेव्हा लक्ष ठेवा. आणि तान्ह्या मुलावर लक्ष ठेवायचं म्हणजे कसं? मोठं माणूस छातीवर हात ठेवून सांगतं, इथे दुखतंय. तान्हं मूल नुसतं रडतं, आणि रडायला त्याला छप्पन्न कारणं असतात.

एल्स्पा गावातल्याच इस्पितळात बावीस वर्षं ईसीजी काढायचं काम करत होती. रोई तीन महिन्यांचा असताना त्याच्या ईसीजीच्या पट्टीवरची एक रेघ तिला खाली झुकल्यासारखी वाटली. डॉक्टरांना शंका होती, तिला खात्री होती. तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी विमानानं त्याला पुन्हा कोपनहेगनला नेलं, जांघेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत घालून तपासलं... आणि वाहिनी स्वच्छ निघाली. वाट मोकळी, टाके उत्तम. मात्र ज्या जांघेतून नळी घातली तिथे रक्ताची गुठळी धरली, असं कधी कधी होतं म्हणे, आणि रोईचा उजवा पाय निळा पडला. पाय वाचतो की जातो, अशा टांगणीला सगळे लागले. सदतीस तासांनी त्या पायाला रंग आला.

घरी परतल्यावर सुन्वा जिना उतरून एल्स्पाच्या खोलीत आली होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “यापुढे रोईच्या हृदयाबद्दल एक शब्द जरी तुझ्या तोंडून निघाला, तर मी त्याला घेऊन डेन्मार्कला बहिणीकडे जाईन. बायनिरला यायचं तर येईल. तू इथे बसून तुझ्या पट्ट्या वाच.”

एल्स्पानं शब्द दिला. दुसरं काय करणार होती? चूक तिची होती. ती निळी पोटरी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आणि ही एल्स्पा कोण, तर जिनं या घरासाठी स्वतःचं अख्खं आयुष्य बाजूला ठेवलं ती. बावीस वर्षांची असताना कोपनहेगनला परिचारिकेचं शिक्षण घेत होती, लग्नही ठरल्यातच जमा होतं. आई गेली आणि नऊ वर्षांचा बायनिर उघड्यावर पडला, तशी ती सगळं सोडून बोटीनं परत आली ती कायमची. त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न झालं तेव्हा वरचं सगळं घर आपण होऊन त्याला दिलं आणि स्वतः खाली दगडी तळघरात राहायला गेली. बुटकं छत, गवताच्या उंचीवर एक खिडकी. त्याबद्दल तिला कधीच काही वाटलं नव्हतं. आता मात्र वाटू लागलं होतं, कारण वरची जमीन लाकडी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

दर तीन-चार तासांनी सुन्वाची खुर्ची डुलायला लागे. म्हणजे रोई दूध पितोय. पाच मिनिटं सुरळीत... मग खुर्ची थांबे. मग एक बारीक, केविलवाणं कण्हणं. मग सुन्वाचा आवाज, “काय झालं रे माझ्या राजा, वारा धरला का पोटात?” मग पुन्हा खुर्ची, पुन्हा थांबणं. आणि मग शांतता, कारण दमून तो झोपून गेलेला असे. खाली एल्स्पा हातातलं विणकाम मांडीवर टाकून छताकडे बघत बसे. अर्धी बाटली, तिचं मन सांगे, आजही अर्धीच.

पण मागच्या वेळीही तिचं मन असंच सांगत होतं ना? तेव्हाही तिला अशीच खात्री होती. बोललं तर मूल दुरावणार, कदाचित पुन्हा तोच निळा पाय, तेच हाल. आणि न बोललं तर... त्या ‘तर’च्या पुढे तिला जाववत नव्हतं. नऊ दिवस धुकं उठलं नव्हतं. विमानं बंद, डोंगर गायब, बंदराचा भोंगा तेवढा अधूनमधून वाजे. तिला वाटे, आपल्यालाही कोणीतरी असंच आत कोंडून दार लावून घेतलंय.

तिनं आधी भावाला गाठलं. बायनिर सॅमन माशांच्या पैदाशीच्या बोटीवर काम करायचा. बंदरावर तो जाळी धूत होता.

“तू त्याला पाजताना बघितलंयस का रे हल्ली?” तिनं विचारलं.

त्यानं वर बघितलं नाही. “एल्स्पा, नको ना.”

“मधेच थांबतो. घाम येतो. पांढरा पडतो.”

“पांढराच आहे तो. आपल्या घराण्यात काळं कोण निघालंय?” तो उगाच हसला, आणि मग त्याचा चेहरा पडला. “माझं काय होतंय माहितेय का तुला? वर गेलो की तिचा चेहरा वाचायचा, खाली आलो की तुझा. तिला मी शब्द दिलाय, तुझी बाजू घेणार नाही म्हणून. तू मला आईच्या जागी आहेस. पण ती रोईची आई आहे.”

एल्स्पा वळली. ती तशीच इस्पितळात गेली आणि मुलांचे डॉक्टर हेयिन यांच्या दारात उभी राहिली. हेयिन मनाचा भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं.

“पंधरा दिवसांपूर्वीची पट्टी साफ आहे,” ते म्हणाले. “इकोतही हृदय बरं आकुंचन पावतंय. आणि पुढच्या तपासणीला पाच आठवडे आहेत.”

“ती पट्टी झोपेत काढलेली. मीच काढली. झोपलेल्या बाळाच्या हृदयाला कसले कष्ट? मोठ्या माणसाला तुम्ही फिरत्या पट्ट्यावर पळवता आणि मग ईसीजी बघता. बाळाचं पळणं म्हणजे दूध पिणं. भुकेलं असताना, पोटभर पिऊ द्यायचं आणि तेव्हा पट्टी चालू ठेवायची. वाट आखडली असेल तर तेव्हाच दिसेल.”

हेयिननी तपासणीचा कागद पुढे ओढला. “बरोबर आहे तुझं. पण आई आणणार असेल तरच. तिनं आणलं तर मी आत्ता लिहून देतो.”

तिनं आणलं तर...

त्या संध्याकाळी एल्स्पा स्वतःहून जिना चढून वर गेली. दोघं जेवत होती, उकडलेले बटाटे आणि वाळवलेला मासा; रोई पाळण्यात होता. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“सुन्वा, मी दिलेला शब्द मोडतेय. तेव्हा आधी त्याची भरपाई सांगते आणि मग बोलते. मला रोईची एक बाटली हवी. फक्त एक. उद्या दुपारी इस्पितळात तू त्याला भुकेला आण, तुझ्याच मांडीवर घेऊन पाज, मी फक्त छातीला वायरी लावीन. सुई नाही, नळी नाही, काही नाही. पट्टी साफ आली तर मी परवाच्या बोटीनं दक्षिणेच्या बेटावर जाते. तिथल्या इस्पितळात माणूस हवंच आहे. हे घर सगळं तुमचं. मी परत येणार नाही.”

बायनिर उठून उभा राहिला. “वेडी झालीस का?”

“तिला बोलू दे,” सुन्वा म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. “लिहून देशील?”

“सुन्वा...” बायनिर कळवळला.

“देते,” एल्स्पा म्हणाली. आणि तिनं खरंच लिहून दिलं, टेबलावरच्या वाणसामानाच्या वहीच्या पाठीमागे, उभ्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिघं इस्पितळात एल्स्पाच्या ईसीजीच्या छोट्याशा खोलीत आली. एल्स्पानं हात गरम पाण्यानं धुतले, म्हणजे पोराला गार लागू नयेत. छातीवरच्या व्रणाच्या दोन्ही अंगांना तिनं एकेक चिकटपट्टी अशा हळुवारपणे लावली, की रोई तिच्याकडे बघून हसला. तो जागा असताना कित्येक दिवसांनी ती त्याला असा स्पर्श करत होती... पण डोळे तिनं यंत्राकडे वळवले. कागद सरकू लागला. सुन्वानं बाटली त्याच्या तोंडाला लावली.

रोईनं चार घोट घेतले. पाच. मग मान वळवली. सुन्वानं पुन्हा बाटली लावली, त्यानं जिभेनं बाहेर ढकलली, जांभई दिली आणि आईच्या दंडावर डोकं टेकलं. कागदावर एकसारख्या, नीट, सुंदर रेघा उमटत होत्या.

“झालं?” सुन्वानं विचारलं.

“त्याला ढेकर काढ,” एल्स्पा यंत्राकडे बघतच म्हणाली. “आणखी पिईल.”

सुन्वानं त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि रोईनं खांद्यावरच्या फडक्यावर भळकन दूध टाकलं. एल्स्पानं मान वळवली आणि तिचं लक्ष त्या फडक्याकडे गेलं. चार-पाच घोट प्यायलेल्या मुलानं ओंजळभर दूध टाकलं होतं. आणि ते फाटलेलं होतं, दह्यासारखं गोळे गोळे झालेलं. आत्ता प्यायलेलं दूध असं फाटत नाही. हे तासाभरापूर्वीचं दूध होतं.

सुन्वानं फडकं पटकन घडी करून मुठीत घेतलं. दोघींची नजरानजर झाली. सुन्वाच्या डोळ्यांत जे होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. ती भीती होती, नुसती उघडी भीती.

भुकेला नव्हताच तो. घरून निघताना तिनं त्याला पाजून आणलं होतं.

एल्स्पाला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की आता एक वाक्य उच्चारलं की आपण जिंकलो. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या भावाला फडकं दाखवायचा अवकाश... पण मग? बायनिर बायकोला जन्मात माफ करणार नाही. आणि चोर ठरलेली ही आई, पाठीला भिंत लागलेली, मूल उचलून पळून जाईल. जाईल तिथे कोणाला त्याच्या छातीला हात लावू देणार नाही. आपण जिंकू आणि रोई हरेल.

“पट्टी साफ आहे,” एल्स्पा म्हणाली. यंत्राचं बटण बंद करताना तिचा आवाज अगदी रोजचा होता. “मी चुकले. बायनिर, जा तू गाडी दाराशी आण.”

बायनिर तिच्याजवळ आला, तिच्या खांद्यावर हात टेकवला आणि बाहेर गेला. दार लागलं. एल्स्पानं सुन्वाच्या मुठीतून ते फडकं सोडवून घेतलं, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये नळाखाली धरलं, गोळे वाहून जाईपर्यंत चोळून धुतलं आणि पिळून तिच्या हातात परत दिलं.

“मी उद्या जाते. शब्द दिलाय तो दिला. बायनिरला कधी काही कळणार नाही,” ती म्हणाली. “पण सुन्वा, मी गेल्यावर एकदा त्याला भुकेला घेऊन ये. इथे दुसरी मुलगी आहे, ती वायरी लावेल. मला कळवूही नकोस. माझ्यावर काढ तो सगळा राग... त्याच्यावर नको.”

“काय बडबडतेयस ते मला कळत नाही,” सुन्वा म्हणाली. तिचे ओठ पांढरे झाले होते. ती मूल छातीशी धरून निघून गेली.

त्या रात्री वर खुर्ची डुललीच नाही, की एल्स्पानंच कानावर उशी घेतली होती, देव जाणे. सकाळी ती सामान बांधू लागली. बावीस वर्षांत माणसाचं सामान किती होतं, आणि न्यायचं म्हटलं तर किती थोडं निघतं. आईचा फोटो घ्यावा की बायनिरसाठी ठेवावा, असा विचार करत ती उभी होती, तेवढ्यात जिन्यावर रडणं ऐकू आलं. भुकेल्या मुलाचं, हक्काचं, घर दणाणून सोडणारं रडणं.

सुन्वा दारात होती. केस विस्कटलेले, कोट उलटा घातलेला. हातात रोई, लालबुंद होऊन टाहो फोडणारा.

“चार तास झाले, काही दिलेलं नाही,” ती म्हणाली. “पहाटे पाजत होते. अंगात एक सदरा फक्त. लोकर नाही, टोपडं नाही, खिडकी उघडी ठेवली होती मी मुद्दाम... आणि तरी त्याच्या कपाळावरून घाम माझ्या मनगटावर टपकला.” तिनं रोईला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “चल. तूच वायरी लाव. दुसरं कोणी नको.”

पट्टी सुरू झाली तेव्हा खोलीत त्या तिघांखेरीज कोणी नव्हतं. रोई बाटलीवर तुटून पडला. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. रेघा जशाच्या तशा. एल्स्पा मनातल्या मनात म्हणत होती, साफ राहू दे रे देवा, मी चुकले असू दे, मी आनंदानं जाईन... पाचव्या मिनिटाला त्याचं चोखणं मंदावलं. वरच्या ओठावर दव धरलं. आणि कागदावरची ती रेघ आधी किंचित, मग स्पष्ट, मग अगदी आंधळ्यालाही दिसावी अशी खाली वाकली. रोईनं बाटली सोडून ते ओळखीचं, केविलवाणं कण्हणं काढलं.

“थांबव,” एल्स्पा म्हणाली.

सुन्वानं बाटली बाजूला केली. दोन मिनिटांत रेघ वर आली, जशी काही कधी वाकलीच नव्हती. सुन्वाला पट्टी वाचता येत नव्हती, पण ती वाकलेली रेघ तिनं पाहिली होती.

मग सगळं भराभर घडलं. हेयिन धावत आले, रक्त तपासलं, इको झाली, कोपनहेगनला फोन लागला. बायनिर बंदरावरून तसाच रबरी बुटांत आला. तासाभरानं हेयिन त्यांना घेऊन बसले, त्यांच्यासमोर दोन पट्ट्या होत्या, कालची आणि आजची.

“टाक्यांच्या जागी वाट आखडली आहे, यात आता शंका नाही,” ते म्हणाले. “मागच्या वेळी ती मोकळी होती, मधल्या दिवसांत व्रण धरला. प्रश्न वेगळाच आहे. काल दुपारी पट्टी साफ आणि आज ही अशी. एका दिवसात एवढं बिघडलं असेल तर वाट पाहता येणार नाही. विमानतळ बंद आहे, म्हणजे तटरक्षकांच्या हेलिकॉप्टरनं याच धुक्यातून स्कॉटलंड गाठायचं. वैमानिक म्हणतो, सांगत असाल तर निघतो, पण डोंगर दिसत नाहीत. आणि हे जर आधीपासूनच असेल, काल काही कारणानं दिसलं नसेल, तर त्याला इथेच शांत ठेवून, दमवायचं नाही, नाकातल्या नळीनं थोडं थोडं दूध देत धुकं उठायची वाट बघणं बरं. कोपनहेगनवाले हेच विचारताहेत.” त्यांनी एल्स्पाकडे बघितलं. “काल नक्की काय झालं?”

सुन्वा दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून बसली होती. तिची नखं पांढरी पडली होती.

“काल माझ्या हातून चूक झाली,” एल्स्पा म्हणाली. “वायरी मी भलत्या ठिकाणी लावल्या होत्या. रात्री लक्षात आलं माझ्या. कालची पट्टी धरूच नका. हे आधीपासूनच आहे.”

हेयिननी दोन्ही पट्ट्या पुन्हा बघितल्या. “तू? बावीस वर्षांत तू एकदाही...”

“मन थाऱ्यावर नव्हतं.”

“एल्स्पा, हे मला नोंदवावं लागेल. तुझ्या नावानं. यापुढे लहान मुलांचं काम तुला...”

“नोंदवा.”

हेयिननी पेन उचललं. बायनिरनं डोळे मिटून घेतले होते.

“खोटं बोलतेय ती.”

आवाज इतका बारीक होता, की पहिल्यांदा कोणाला तो सुन्वाचा वाटलाच नाही. ती उठून उभी राहिली होती.

“वायरी बरोबर होत्या. मी त्याला पाजून आणलं होतं. घरून निघताना अर्धी बाटली... म्हणजे तो इथे पिणारच नाही, आणि पट्टी साफ येईल. तिला कळलं होतं. तिनं फडकं पाहिलं, ते स्वतःच्या हातानं धुतलं, आणि बायनिरला म्हणाली, मी चुकले.” तिनं नवऱ्याकडे वळून बघितलं. “तो पाय निळा पडला होता ना, तेव्हा सदतीस तास मी तो हातात धरून बसले होते रे. तू बाहेर जाऊन रडून येत होतास. मला हलताच येत नव्हतं. मला ते पुन्हा नको होतं. पट्टी साफ यावी एवढंच मला हवं होतं. खरी असो की खोटी...”

हेयिन पेन ठेवून फोनकडे गेले. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं, हेलिकॉप्टर आता लागणार नव्हतं. खोलीत ती तिघंच उरली.

“काल का बोलली नाहीस तू?” बायनिरनं बहिणीला विचारलं.

“बोलले असते तर तू हिला माफ केलं असतंस?”

त्यानं नजर फरशीकडे वळवली.

“आणि ही आज सकाळी माझ्या दारात आली असती?” एल्स्पा म्हणाली. “आईच आणू शकते रे मूल. मी कोण आणणारी?”

तेव्हा सुन्वा पुढे आली. ती एल्स्पाच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून खाली बसली आणि अडीच महिन्यांत जे रडली नव्हती ते सगळं रडली. एल्स्पा तिच्या विस्कटलेल्या केसांतून हात फिरवत राहिली. बायनिर रबरी बुटांत तसाच उभा होता; मग तोही त्या दोघींच्या शेजारी फरशीवर बसला. तिघांच्याही मनात एकमेकांसाठी काही कडू उरलं नसेल असं मी म्हणणार नाही, माणसंच ती. पण त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही.

धुकं दोन दिवसांनी उठलं. विमानात आईवडिलांपुरतीच जागा होती. कोपनहेगनला जांघेतून पुन्हा नळी घातली, या वेळी डाव्या बाजूनं, आणि सुन्वानं नंतर कितीतरी वेळ दोन्ही पाय हातात धरून ठेवले होते. वाहिनी टाक्यांपाशी इतकी आखडली होती, की सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली होती. पाच आठवड्यांनंतरच्या तपासणीपर्यंत ती टिकली नसती, असं तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. त्यांनी छाती पुन्हा उघडली, वाट रुंद केली, ठिगळ लावून शिवली. त्यानंतरचे दिवस एल्स्पानं कामावर काढले, लोकांच्या छातीला वायरी लावत, फोन खिशात ठेवून. बायनिर रोज दोन वाक्यं सांगे: बरा आहे, झोपलाय. सुन्वाचा फोन एकदाही आला नव्हता.

बाराव्या दिवशी दुपारी तो आला. एल्स्पा इस्पितळाच्या जिन्यात होती. तिनं फोन कानाला लावला. कोणी बोललं नाही.

“सुन्वा? काय झालं गं?” तिनं विचारलं.

“ऐक,” सुन्वा कुजबुजली. “आज पहिल्यांदा बाटलीनं देतेय. ऐक नुसतं.”

फोन तिनं त्याच्या तोंडाजवळ धरला असावा. चोखण्याचा आवाज येत होता, घोट, श्वास, घोट, श्वास. एल्स्पा जिन्याच्या पायरीवर खाली बसली. तिनं घड्याळाकडे बघितलं. तिसरं मिनिट. चौथं. पाचव्या मिनिटाला तिनं आपलाच श्वास रोखला, पलीकडे सुन्वानंही रोखला असावा. रोई थांबला नाही. सहावं, सातवं, आठवं... जिन्यातून जाणारी येणारी माणसं एल्स्पाला वळसा घालून जात होती. कोणी विचारलं, बरं वाटत नाही का, तर तिनं हातानंच त्याला गप्प केलं. मग बाटलीत शेवटी हवा चोखल्याचा तो फुरफुर आवाज आला, आणि आणखी हवं म्हणून एक रागावलेली किंकाळी.

“सगळी संपली,” सुन्वा म्हणाली.